खो-खोतील पळती आणि पाटीवरील रांग : मूल्यमापनाचा प्रश्न

१. प्रस्तावना

मराठीत साहित्यसमीक्षा, नाट्यसमीक्षा आणि संगीतसमीक्षा यांची परंपरा समृद्ध आहे. खेळाविषयी मात्र आपल्याकडे वृत्तांत लिहिले जातात, गौरवलेख लिहिले जातात, आठवणी लिहिल्या जातात; समीक्षा क्वचितच लिहिली जाते. नाटकाच्या प्रयोगाविषयी लिहिताना नायकाच्या अभिनयासोबत संहिता, नेपथ्य, सहकलाकारांची साथ आणि प्रयोगाचा तोल यांचा विचार आपण करतो. एखाद्या संघाच्या खेळाविषयी लिहिताना मात्र 'अमुकने इतके गडी बाद केले, तमुकने इतकी मिनिटे पळती केली' एवढ्यावर लेखणी थांबते. जे मोजता येते तेवढेच घडले, असा समज त्यातून रूढ होतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न खो-खो या आपल्या मातीतील खेळाच्या संदर्भात मांडला आहे. वेंगुर्ला तालुक्यातील शिरोडा हे गाव मराठी वाचकांस १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे आणि वि. स. खांडेकर यांच्या येथील अध्यापनकाळामुळे (१९२० ते १९३८) परिचित आहे. या किनारपट्टीवरील शाळांच्या पटांगणावर फक्कीने आखलेली खो-खोची पाटी तितकीच परिचयाची आहे. तिच्याविषयी लिहिले मात्र फारसे गेलेले नाही. अशा पटांगणावरील संघाचा खेळ चांगला की सामान्य, हे कोणत्या निकषांवर ठरवावे? लेखाचा हेतू या प्रश्नापुरता मर्यादित आहे. त्याचे उत्तर शोधताना असे प्रतिपादन केले आहे की, पळती आणि आक्रमण यांचे प्रचलित मूल्यमापन व्यक्तीपुरते असल्याने अपुरे ठरते, आणि पाटीवर बसलेल्या आठ जणांच्या रांगेचे काम वाचता आल्याशिवाय दोहोंपैकी कशाचेच खरे मोल कळत नाही.

२. खेळाची रचना

खो-खोचे नियम लेखी स्वरूपात आणण्याचे श्रेय सामान्यतः पुण्याच्या डेक्कन जिमखान्याकडे जाते. त्यासाठी १९१४ हे वर्ष सांगितले जाते. पुढे १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. खेळाची मूळ रचना या प्रवासात फारशी बदललेली नाही. दोन खांबांना जोडणारी ३० सेंटीमीटर रुंदीची मध्यपाटी, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या आणि त्यांच्या छेदातून तयार होणारे आठ चौक. या चौकांत आक्रमक संघाचे आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. संरक्षक संघाचे गडी तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात.

या रचनेचे मर्म बंधनांच्या विषम वाटणीत आहे. पळणारा मध्यपाटी कोठूनही ओलांडू शकतो, हव्या त्या दिशेला वळू शकतो. पाठलाग करणाऱ्यास यांपैकी कशाचीही मुभा नाही. त्याने मध्यपाटी ओलांडायची नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबरेषेपर्यंत मागे फिरायचे नाही. खांबरेषेपलीकडच्या मुक्त क्षेत्रातच त्याला ही बंधने लागू होत नाहीत. म्हणजे एकट्याने पाठलाग करून चपळ संरक्षकास गाठणे जवळजवळ अशक्य व्हावे, अशीच ही योजना आहे. या अशक्यतेवरचा एकमेव उपाय म्हणजे खो. पळणारा पलीकडे गेला की पाठलाग करणारा त्या बाजूस तोंड असलेल्या गड्यास पाठीमागून स्पर्श करून खो देतो आणि स्वतः त्याच्या चौकात बसतो. पाठलाग पुढे चालू राहतो. पाठलाग करणारा बदलतो. तेव्हा खो-खोतील आक्रमण हे मुळातच एका व्यक्तीचे नसून रांगेचे कर्म आहे. हे तत्त्व नियमांतच असताना मूल्यमापनात ते का उतरत नाही, हा खरा प्रश्न होय.

३. प्रचलित मूल्यमापन आणि त्याच्या मर्यादा

सामन्याच्या गुणपत्रकात कोणता संरक्षक किती वेळाने बाद झाला, त्यास कोणी बाद केले आणि तो कशा प्रकारे बाद झाला, याची नोंद होते. वर्तमानपत्रातील वृत्तही याच नोंदीवर आधारलेले असते. उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट आक्रमक आणि अष्टपैलू खेळाडू ही स्पर्धेतील पारितोषिकेही बहुधा याच रकान्यांकडे पाहून ठरतात. ही नोंद चुकीची नाही. परंतु ती शेवटच्या क्षणाची नोंद आहे.

एक उदाहरण कल्पिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. विषम क्रमांकाच्या चौकांतील गडी डावीकडे व सम क्रमांकाचे उजवीकडे तोंड करून बसले आहेत. पाठलाग करणारा उजव्या बाजूने आठव्या चौकाच्या दिशेने येत असताना पळणारा पाचव्या आणि सहाव्या चौकांमधून डावीकडे निसटतो. आता पाठलाग करणाऱ्यापुढे दोन पर्याय आहेत. त्याने पुढे जाऊन सातव्या चौकातील गड्यास खो दिला, तर नव्याने उठलेल्यास पळणाऱ्याच्या रोखाने उलट यावे लागते आणि पळणाऱ्यास मागची सगळी पाटी मोकळी मिळते. पाचव्यास खो दिला, तर तो पळणाऱ्याच्या पाठीमागून उठतो आणि त्यास खांबाकडे रेटतो. समजा, पाचव्यास खो मिळाला. पळणारा सहाव्या-सातव्यामधून उजवीकडे येतो. पाचवा सहाव्यास खो देतो. पळणारा सातव्या-आठव्यामधून पुन्हा डावीकडे जातो. सहावा सातव्यास खो देतो. आता खांब जवळ आला आहे, मागे फिरण्यास जागा नाही, आणि सातवा सूर मारून गडी बाद करतो. प्रेक्षक सुरास टाळ्या देतात. गुणपत्रकात सातव्याचे नाव लागते. पाचव्यास निवडणाऱ्याचा निर्णय, पाचव्याचे पहिले पाऊल आणि सहाव्याने क्षणभरही न दवडता बंद केलेली दुसरी बाजू यांची नोंद कोठेही होत नाही.

पळतीच्या बाबतीत हीच उणीव दुसऱ्या बाजूने दिसते. दोन मिनिटांची पळती ही चांगली पळती, असे आपण गृहीत धरतो. परंतु ही दोन मिनिटे कशी गेली? तुकडीतील एक गडी पाठलाग अंगावर घेऊन पाटीवर आत-बाहेर करीत राहतो. दुसरा आवाक्याबाहेर उभा राहून तेवढाच वेळ काढतो. एकास समोरून चुकीचे खो मिळाल्याने श्वास घेण्यास वेळ मिळतो. दुसरा शिस्तबद्ध रांगेसमोर चाळीस सेकंद तग धरतो. घड्याळाच्या हिशेबी पहिला श्रेष्ठ ठरतो, खेळाच्या हिशेबी कदाचित दुसरा. पळतीचा वेळ हा पळणाऱ्याचा गुण असतो तितकाच समोरच्या रांगेचा दोषही असू शकतो, ही गोष्ट मिनिटांच्या आकड्यात दिसत नाही.

४. अन्य खेळांतील अनुभव

हा प्रश्न केवळ खो-खोपुरता नाही. ज्या ज्या खेळात एकाच्या धावेसाठी इतरांनी वाट करून द्यावी लागते, तेथे तो उद्भवतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने किती यार्ड अंतर कापले, हे काटेकोरपणे मोजले जाते. त्याच्यापुढे उभी राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारी पाच जणांची फळी असते. तिने वाट उघडली नाही तर धावणारा जागच्या जागी अडतो. तथापि या पाच जणांच्या नावे लिहावा असा आकडा दीर्घकाळ कोणाला सापडला नाही. तेथील महाविद्यालयीन खेळाडूंसाठी १९३५ पासून दिला जाणारा हाइझमन करंडक या फळीतील एकाही खेळाडूला मिळालेला नाही. अलीकडे तेथील अभ्यासकांनी धावणाऱ्यास पहिली धडक बसण्यापूर्वी मिळालेले अंतर आणि धडकेनंतर त्याने कापलेले अंतर अशी विभागणी सुरू केली. पहिल्या भागात फळीचा वाटा अधिक, दुसऱ्यात धावणाऱ्याचा, अशी त्यामागची सर्वसाधारण धारणा आहे. ही विभागणी निर्दोष नसली, तरी तिने प्रश्न योग्य ठिकाणी नेऊन ठेवला : वाट कोणी केली आणि वाट संपल्यावर कोणी काय केले?

खो-खोला ही विभागणी उलट्या बाजूने लागू पडते. तेथे फळी आपल्या धावणाऱ्यासाठी वाट उघडते. येथे रांग प्रतिपक्षाच्या पळणाऱ्याच्या वाटा एकेक करून बंद करते. कार्य उलटे असले तरी त्याची उपेक्षा सारखीच आहे.

५. मूल्यमापनाचा निकष : मोकळ्या वाटा

वरील विवेचनावरून एक साधा निकष सुचवता येतो. गडी बाद होण्याच्या क्षणी त्याच्यापुढे किती वाटा मोकळ्या होत्या, हे समीक्षकाने पाहावे.

पळणाऱ्यापुढे पाटी ओलांडणे, पुढे जाणे, वळसा घेणे अशा दोन-तीन वाटा मोकळ्या असतानाही आक्रमकाने त्यास गाठले असेल, तर ते श्रेय मुख्यतः त्या आक्रमकाचे : त्याच्या वेगाचे, सुराचे, हुलकावणी ओळखण्याच्या नजरेचे. याउलट, एकच वाट उरली असताना स्पर्श झाला असेल, तर ते श्रेय मुख्यतः रांगेचे होय. शेवटच्या गड्याने आपले काम चोख केले एवढेच. हाच निकष पळतीसही लावावा. एकच वाट उरलेली असताना जो संरक्षक ती नेमकी हेरून निसटतो, त्याची पळती अस्सल. अनेक वाटा सतत मोकळ्या असताना काढलेली मिनिटे ही मुख्यतः प्रतिस्पर्धी रांगेने दिलेली मिनिटे होत.

या निकषाचे वैशिष्ट्य असे की, तो व्यक्तीचे कर्तृत्व नाकारत नाही. खांबाजवळचा सूर हे धाडसाचे व सरावाचे काम आहे; जांभ्याच्या टणक मातीवर ते करणारास त्याची किंमत गुडघ्या-कोपरांनी मोजावी लागते. रांग विस्कळीत झालेली असताना एकट्याच्या झेपेने सामना फिरवणारे खेळाडू असतात आणि त्यांचे कौतुक व्हावयासच हवे. किंबहुना, अशा खऱ्या असाधारण क्षणांना इतर क्षणांपासून वेगळे काढण्यासाठीच रांगेचा हिशेब आवश्यक आहे. प्रत्येक सुरास सारखीच टाळी दिली, तर अवघड सुराचे मोल आपोआप कमी होते.

६. रांगेचे गुण

रांगेचे काम वाचावयाचे म्हणजे नेमके काय पाहावयाचे? चार गोष्टी विशेष महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, खो कोणाला दिला. वरील उदाहरणात दिसते त्याप्रमाणे एका चौकाच्या फरकाने पळणारा कोंडीत सापडतो किंवा सुटतो. दुसरी, खो केव्हा दिला. स्पर्श आणि उच्चार यांत ढिलाई झाली, पाठीमागून हात पोचण्यापूर्वीच बसलेला गडी उठला, की नियमभंग होतो. नियमभंगातून गडी बाद झाला तरी तो बाद धरला जात नाही आणि रचलेली कोंडी फुटते. तिसरी, बसलेल्यांची सज्जता. चांगल्या संघातील बसलेला गडी विश्रांती घेत नसतो. पायांचा ताण, नजरेचा वेध आणि खो मिळताच घ्यावयाची दिशा, हे सर्व त्याच्या बैठकीत आधीच ठरलेले असते. चौथी, खो दिल्यानंतर बसण्याची तत्परता. जो गडी खो देऊन रेंगाळतो, तो रांगेत खिंडार पाडतो. पुढच्या दोन खोंनंतर पळणारा नेमका तेथूनच जातो.

यांपैकी एकही गुण गुणपत्रकात दिसत नाही. परंतु सामना पाहणाऱ्या जाणत्या क्रीडाशिक्षकास ते सर्व दिसतात. याचा अर्थ हे गुण अदृश्य नाहीत. त्यांच्यासाठी आपण रकाना आखलेला नाही, इतकेच.

७. दूरचित्रवाणीवरील खो-खो

अलीकडील काळात या प्रश्नास नवे परिमाण लाभले आहे. २०२२ मध्ये पुण्यात 'अल्टिमेट खो खो' ही व्यावसायिक लीग सुरू झाली. खेळ मॅटवर आला, संघ सात जणांचा झाला, डाव आटोपशीर झाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने नेपाळचा ७८-४० असा, तर प्रतीक वाईकर याच्या नेतृत्वाखाली पुरुष संघाने नेपाळचाच ५४-३६ असा पराभव केला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब होय.

या प्रसारणामुळे खो-खो घरोघरी पोचला, हे निर्विवाद. तथापि समीक्षकाने दोन गोष्टींची नोंद घ्यावयास हवी. एक, कॅमेरा बहुतेक वेळ पळणारा आणि पाठलाग करणारा यांच्या मागे धावतो. जवळच्या दृश्यात बसलेली रांग चौकटीबाहेर राहते. दोन, लीगमध्ये 'वजीर' ही भूमिका निर्माण करण्यात आली. वजिरास कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असते. खेळ रंजक करण्यासाठी ही योजना समजण्यासारखी आहे. परंतु बंधनात जखडलेल्या व्यक्तीची मुक्तता रांगेतून व्हावी, हे खो-खोचे मूळ तत्त्व त्यामुळे काही अंशी शिथिल होते. विश्वचषकातील ७८ गुणांचा आकडा आपण अभिमानाने सांगतो. त्यातील बहुतेक गुण ज्या खोंमुळे शक्य झाले, ते किती अचूक होते, हे सांगणारा आकडा आपल्याकडे नाही.

८. शालेय पातळीवरील परिणाम

येथवरचे विवेचन केवळ तात्त्विक वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा व्यावहारिक परिणाम सांगणे आवश्यक आहे. आपल्या राज्यात शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. क्रीडा विभागाच्या रचनेत सिंधुदुर्ग जिल्हा कोल्हापूर विभागात मोडतो. म्हणजे आमच्या मुला-मुलींची विभागीय गाठ सांगली, सातारा, कोल्हापूर या खो-खोची जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्यांशी पडते. खेळाडूस परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ग्रामीण भागातील, विशेषतः मुलींच्या, आयुष्यात निवड होणे वा न होणे याचा अर्थ फार मोठा असतो.

निवड चाचणीत ज्याच्या नावापुढे गडी आहेत आणि मिनिटे आहेत, तो सहज नजरेत भरतो. जो सलग अचूक खो देतो, ज्याच्यामुळे शेजारच्या चौकातील गडी 'उत्कृष्ट आक्रमक' ठरतो, तो मात्र मागे राहतो. मग निवडलेल्या संघात सूर मारणारे चार आणि रांग सांभाळणारा एकही नाही, अशी अवस्था होते. असा संघ दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर चमकतो. शिस्तीने साखळी पळती करणारे संरक्षक समोर आले की त्याचे खो तुटू लागतात. पराभवाचे खापर मग 'आमची मुले वेगात कमी पडतात' या समजुतीवर फुटते. वास्तविक कमी पडलेला असतो तो आपला निवडीचा निकष. याहून अनिष्ट परिणाम असा की, मुलेच आकड्यांसाठी खेळू लागतात. खो द्यावयाच्या क्षणी तो न देता स्वतःच गडी गाठण्याचा मोह वाढतो, आणि खेळाचा आत्माच हरवतो.

९. श्रेयाची वाटणी

सामूहिक कामातील श्रेय वाटता येत नाही, असा आक्षेप या ठिकाणी घेतला जाईल. त्यास आपल्या किनाऱ्यावरच उत्तर आहे. वेंगुर्ला-मालवण पट्ट्यातील रापण ही मासेमारीची पद्धत सर्वांस ठाऊक आहे. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळे सोडीत जाते, दुसरे टोक किनाऱ्यास आणते, आणि मग दोन्ही दोर अनेक हात मिळून ओढतात. कोणत्या हातामुळे कोणता मासा आला, हे कोणी सांगू शकत नाही. तरीही वाटे ठरतात. जाळ्याचा वाटा असतो, ओढणाऱ्यांचे वाटे असतात. मोजमाप अचूक नाही म्हणून कोणी ओढणाऱ्यास रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. जी न्यायबुद्धी आपण वाळूवर दाखवली, ती पटांगणावर दाखवण्यास अडचण नसावी.

दुसरा आक्षेप असा की, अशी नोंद करणे शाळेच्या पातळीवर शक्य नाही. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. प्रत्येक बाद गड्यामागील शेवटचे तीन खो कोणी कोणास दिले, एवढे कागदावर लिहिले तरी पुरे. सोबत त्या क्षणी मोकळ्या असलेल्या वाटांची संख्या लिहावी. राखीव खेळाडूंपैकी एकाने हे काम केले, तर त्याचेही शिक्षण होईल. एका हंगामाच्या अशा नोंदींतून रांगेतील कोणता दुवा भक्कम व कोणता कच्चा, हे शिक्षकास कळू शकेल. ही नोंद पूर्णतः वस्तुनिष्ठ नसेल, हे मान्य. परंतु अपुरा आकडा अचूक मोजण्यापेक्षा योग्य गोष्ट ढोबळपणे पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

१०. समारोप

सारांश, खो-खो संघाचे मूल्यमापन करताना बाद केलेले गडी आणि पळतीची मिनिटे हे आरंभबिंदू मानावेत, निर्णय मानू नयेत. आक्रमणाचा विचार शेवटच्या स्पर्शापासून मागे तीन खोंपर्यंत न्यावा. पळतीचा विचार समोरच्या रांगेच्या दर्जासह करावा. आणि निवड समित्यांनी चाचणीत एक निरीक्षक केवळ बसलेल्या आठ चौकांकडे पाहण्यासाठी नेमावा. हे झाले तर खेळाचे वर्णन अधिक सत्य होईल, निवड अधिक न्याय्य होईल, आणि ज्या मुलीचे नाव आजवर एकाही रकान्यात आले नाही, तिला आपण संघासाठी काय केले हे कोणीतरी पाहिले असल्याचे कळेल. मराठी क्रीडासमीक्षेचा आरंभ या पाहण्यापासून व्हावा, अशी अपेक्षा आहे.